पैज जिंकली, पैसे कुठे मागायचे?

हिंगणघाटच्या कापसाचं नाव एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. आज आपण कापसाकडून त्याच्या भावावर लागणाऱ्या सट्ट्याकडे वळू. प्रश्न एवढाच: पैज जिंकली आणि समोरचा म्हणाला, "भाव चुकून लावला होता, सौदा रद्द," तर दाद कुठे मागायची?

सुरुवात अफूपासून करावी लागते. कलकत्त्याच्या सरकारी लिलावात अफूची सरासरी किंमत किती येईल, यावर मुंबईत व्यापाऱ्यांची पैज लागली. हरलेल्यांनी पैसे दिले नाहीत. रामलाल ठाकूरसीदास विरुद्ध सुजूमल धोंडमल हा दावा लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1848 चा निकाल असा, की पैजेचे पैसे कोर्टातून वसूल होऊ शकतात. न्यायाधीशांनी हे नाइलाजाने म्हटलं. इंग्लंडमध्ये 1845 च्या कायद्याने हे दार बंद झालं होतं, पण तो कायदा इथे लागू नव्हता. मग त्याच वर्षी इथेही कायदा झाला, आणि पुढे 1872 च्या करार कायद्यात कलम 30 आलं: पैजेचा करार निरर्थक. घोड्यांच्या शर्यतीच्या 500 रुपये किंवा जास्त बक्षिसाच्या वर्गणीला तेवढी सूट! कुणासाठी, ते सांगायला नको.

आता आपल्या वर्ध्याची गंमत बघा. मुंबई इलाख्याने 1865 मध्येच पैजेला जोडलेले करारही रद्द ठरवले होते. वर्धा मध्य प्रांतात, तिथे तो कायदा नव्हता. त्यामुळे शेठच्या सांगण्यावरून दलालाने पदरचे पैसे भरले, तर वर्ध्यात तो ते शेठकडे मागू शकत होता, मुंबईत नाही. जिंकणाऱ्याला मात्र दोन्हीकडे हात हलवत परत यावं लागे. भाव चुकीचा होता की बरोबर, हे तपासायची वेळच कोर्टावर येत नसे. जे काही व्हायचं ते पेढीच्या शब्दावर.

इंग्लंडने 2005 च्या कायद्याने ते दार पुन्हा उघडलं. म्हणून तिथे 2021 मध्ये हायकोर्ट बेटफ्रेड कंपनीला विचारू शकलं, की 2018 साली ग्राहकाने जिंकलेले 17 लाख पौंड तुम्ही 'सॉफ्टवेअरची चूक' म्हणून कसे अडवले? कंपनीच्या अटी पुरेशा स्पष्ट नव्हत्या, असं ठरलं आणि ग्राहक जिंकला.

आपल्याकडे 2025 च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणं हाच गुन्हा झाला. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. पण जिंकलेले पैसे मागायला गेला, तर समोर कलम 30 आहेच.