यंत्रावरचा पडदा आडवा कसा झाला

आज मला एका पडद्याबद्दल बोलायचंय, ज्याकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. कारखान्यातल्या यंत्रावरचा एलसीडी पॅनल. अलीकडे तो आडवा, रुंद असतो. तत्त्वज्ञानाच्या माणसाला यात काय रस, असं तुम्ही म्हणाल. रस एवढ्यासाठी, की यंत्राच्या पोटात काय चाललंय ते माणसाला प्रत्यक्ष दिसत नाही. कळतं ते या चौकटीतूनच. मग ही चौकट ठरवली कुणी?

पूर्वी रिफायनरीच्या कंट्रोल रूममध्ये भिंतभर गेज असत आणि शेजारी कागदावर रेघ ओढणारे रेकॉर्डर. दारातून आत आलेल्या अनुभवी ऑपरेटरला एका नजरेत अंदाज यायचा. 1975 मध्ये हनीवेलची टीडीसी 2000 आणि योकोगावाची सेंटम या संगणकी प्रणाली आल्या. हळूहळू भिंत गेली, टेबलावर मॉनिटर आला. त्याचं प्रमाण चारास तीन. हे प्रमाण मूळचं सिनेमाचं, एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सनने फिल्मसाठी ठरवलेलं. ते टीव्हीने उचललं, आणि टीव्हीकडून कारखान्याने. भिंतीवर जे एकदम दिसायचं, ते आता एकेक पान उघडून बघायचं.

24 जुलै 1994. वेल्समधल्या मिलफर्ड हेवनजवळची रिफायनरी. सकाळच्या विजांच्या वादळाने काम विस्कळीत झालेलं. एक व्हॉल्व्ह प्रत्यक्षात बंद होता, पण यंत्रणा तो उघडा दाखवत होती. आत द्रव येत राहिला, बाहेर जाईना. स्फोटाआधीच्या साधारण शेवटच्या 11 मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे 275 अलार्म आले! सुदैवाने कुणी दगावलं नाही, 26 जण जखमी झाले. चौकशीत जे दोष निघाले त्यांत एक हा, की प्रक्रियेचं एकत्रित चित्र पडद्यावर मिळतच नव्हतं.

आता तुम्हाला वाटेल, यातून धडा घेऊन पडदे रुंद झाले. छे! रुंदीही सिनेमातूनच आली. टीव्हीने प्रेक्षक पळवले म्हणून हॉलिवूडने 1953 मध्ये सिनेमास्कोप आणला. पुढे एचडी टीव्हीसाठी सोळास नऊ ठरलं, एलसीडीची काच त्या मापाने कापली जाऊ लागली, लॅपटॉपही मागोमाग गेले. कारखान्यांची मागणी त्या मानाने चिमूटभर, तेव्हा मिळेल ते माप घेणं आलं. जुन्या यंत्राच्या पत्र्याला 10.4 इंची पॅनलचं भोक आणि हाती आडवा पॅनल, ही मेंटेनन्सवाल्यांची डोकेदुखी झाली. (काच तीच असली तरी आतला द्रव तसाच चालतो असं नाही हं. द्रवस्फटिक एका मर्यादेपलीकडे तापला की साधा द्रव होतो, हे रायनित्झरने 1888 मध्येच पाहिलं होतं. म्हणून भट्टीशेजारच्या पॅनलला जास्त तापमान सोसणारं मिश्रण लागतं.)

पण अपघाताने आलेली ही रुंदी कामाची ठरली. डावीकडे यंत्राचं चित्र ठेवून उजवीकडे आलेखाला जागा उरते. आलेखात काळ आडवा धावतो, म्हणजे आत्ताच्या आकड्याशेजारी गेला तासही दिसतो. कागदी रेकॉर्डरची ती रेघच परत आली म्हणा ना.

मिलफर्ड हेवनचा तो व्हॉल्व्ह मात्र रुंद पडद्यावरही उघडाच दिसला असता. फरक इतकाच, की आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या द्रवाच्या रेघा शेजारी-शेजारी असत्या, तर हिशेब जुळत नाही हे त्या दोघांना दिसायची शक्यता होती. अर्थात तो पडदा आखणाऱ्याने त्या दोन रेघा शेजारी ठेवल्या असत्या तर.