वेगाची शिल्लक

१९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्यातील इंटेल ८०८८ या प्रोसेसरचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ ठरवण्यात आला होता; आणि हा चमत्कारिक, अपूर्णांकयुक्त आकडा कोणत्या नियमातून निघाला असावा असा प्रश्न जिज्ञासू माणसाला पडला, तर त्याचे उत्तर प्रोसेसरच्या पोटात सापडत नाही, ते अमेरिकेच्या रंगीत दूरचित्रवाणीच्या दप्तरात शोधावे लागते. तेथील रंगसंकेताची कंप्रता ३.५८ मेगाहर्ट्झच्या जवळपास निश्चित झालेली होती. आयबीएमच्या अभियंत्यांनी तिच्या चौपटीने, म्हणजे सुमारे १४.३१८ मेगाहर्ट्झने, स्पंदणारा एकच स्फटिक घेतला, आणि त्याच्या स्पंदनांना चाराने भागले की पडद्याची सोय होते व तिनाने भागले की प्रोसेसरची, अशी काटकसरीची तजवीज केली. वस्तुतः तोच प्रोसेसर ५ मेगाहर्ट्झपर्यंत चालेल असे इंटेलने लिहून दिलेले होते. मधला अंश कोणाच्याच खाती जमा न होता तसाच पडून राहिला. प्रोसेसरचा वेग म्हणून जो अंक सांगितला जातो तो असा एक ठराव असतो, आणि ठराव व प्रत्यक्ष सामर्थ्य यांमध्ये जी शिल्लक राहते तिच्यावर हक्क कारखानदाराचा की विकत घेणाऱ्याचा, या मामल्याचा इतिहास म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापलीकडे चालवणे, या उद्योगाचा इतिहास होय.

ही शिल्लक उत्पन्न कशी होते हे समजल्याखेरीज पुढचा मामला उलगडत नाही. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर अनेक प्रोसेसर एकाच प्रक्रियेने कोरले जातात, तरी मध्यावरचे व कडेचे, आजचे व पुढच्या महिन्यातले, यांत गुणाची तफावत राहतेच. म्हणून प्रत्येक तुकडा कसोटीस लावून, तो कोणत्या वेगावर बिनचूक चालतो ते पाहून, त्याची प्रतवारी केली जाते. या प्रतवारीत कारखानदार दोन प्रकारची सावधगिरी बाळगतो. ग्राहकाच्या घरी पंखा धुळीने माखलेला असेल, वीजपुरवठा हलक्या प्रतीचा असेल, खोली तापलेली असेल, आणि तरीही वर्षानुवर्षे तक्रार येऊ नये, एवढे अंतर तो छापील वेग आणि खरी मर्यादा यांत राखून ठेवतो; हे योग्यच आहे. दुसरी सावधगिरी बाजाराची. उत्पादन जसजसे मुरत जाते तसतसे बहुतेक तुकडे वरच्या प्रतीचे निघू लागतात, परंतु मागणी स्वस्त प्रतीचीच अधिक असते. अशा वेळी उत्तम तुकड्यावर कनिष्ठ अंकाचा शिक्का मारून तो विकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. पेशवाईतील सराफ जसा नाण्यावरच्या शिक्क्यावर विसंबून न राहता त्याचा कस पाही आणि मगच बट्टा ठरवी, तसा शिक्क्यापलीकडे पाहणारा एक वर्ग संगणकाच्या ग्राहकांतही निर्माण व्हावा हे क्रमप्राप्तच होते.

त्याचा पहिला ठळक दाखला १९८४ च्या पीसी/एटी या यंत्राचा आहे. त्यातील ८०२८६ हा प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झने चालत असे, व हा वेग १२ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाचे निम्मे करून मिळवलेला होता. तो स्फटिक काढून त्या जागी १६ मेगाहर्ट्झचा बसवला की अल्प खर्चात तेच यंत्र ८ मेगाहर्ट्झने धावू लागे. ही युक्ती षट्कर्णी होताच आयबीएमने पुढच्या यंत्रांच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना प्रथम चालणाऱ्या आज्ञावलीत, वेगाची तपासणी घातली, आणि वेग ठरावाबाहेर आढळल्यास यंत्राने सुरू होण्यासच नकार द्यावा असा बंदोबस्त केला. मालकाने शिलकीवर हात टाकावा आणि कारखानदाराने कुलूप लावावे, हा शिरस्ता येथूनच पडला. इतर कंपन्यांनी बनवलेल्या त्या काळच्या नक्कल यंत्रांवर तर ‘टर्बो’चे बटणच असे, व ते दाबून यंत्र मुद्दाम मंदही करता येई, कारण जुने खेळ ४.७७ मेगाहर्ट्झच्या चालीवर ठेका धरून लिहिलेले असत.

पुढे १९९२ साली आलेल्या ४८६ डीएक्स२ या प्रोसेसरपासून वेग हा दोन अंकांचा गुणाकार झाला: एक मदरबोर्डवरील बसचा, म्हणजे प्रोसेसरला इतर भागांशी जोडणाऱ्या मार्गाचा, वेग, दुसरा प्रोसेसरच्या आतील गुणक, म्हणजे मल्टिप्लायर. पेंटियमच्या काळात हे दोन्ही अंक मदरबोर्डवरच्या चिमुकल्या जंपरांनी बदलता येत, आणि या सोयीचा फायदा सज्जनांपेक्षा लबाडांनी अधिक घेतला. स्वस्त पेंटियमवरचा अंक खरवडून त्यावर वरचा अंक छापायचा व तो दामदुपटीने विकायचा, असा धंदा जगभर बोकाळला. इंटेलने मग गुणकालाच प्रोसेसरच्या आत कुलूप घातले. बनावट मालाचा बंदोबस्त हे सबळ कारण होते यात शंका नाही; परंतु त्या कुलपाने चोराबरोबर घरमालकालाही बाहेर ठेवले, हेही तितकेच खरे. मालकाच्या हाती उरली ती केवळ बस.

आणि तेवढ्या एका धाग्यावर या विद्येचा सर्वांत वैभवशाली काळ उभा राहिला. २४ ऑगस्ट १९९८ या एकाच दिवशी इंटेलने ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम २ आणि ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए असे दोन प्रोसेसर जाहीर केले. हजार नगांच्या घाऊक खरेदीत पहिल्याची किंमत ६६९ डॉलर, दुसऱ्याची १४९. त्याच वर्षीच्या एप्रिलात आलेला मूळ सेलेरॉन एल२ कॅशे या प्रोसेसरजवळच्या जलद स्मृतीविना असल्याने कुचेष्टेचा विषय झाला होता, म्हणून या नव्या अवतारात प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर १२८ किलोबाइटांची कॅशे कोरली होती. पेंटियम २ ची कॅशे ५१२ किलोबाइटांची खरी, पण ती वेगळ्या चिपांवर असून निम्म्या वेगाने चाले. सेलेरॉनची ही धाकटी कॅशे प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चाले. आता गणित पाहावे: सेलेरॉनचा कुलूपबंद गुणक ४.५, बस ६६ मेगाहर्ट्झची, गुणाकार ३००. आणि त्या वर्षी आलेल्या ४४० बीएक्स चिपसेटच्या मदरबोर्डावर १०० मेगाहर्ट्झची बस अधिकृतपणेच उपलब्ध होती. शंभराला साडेचाराने गुणले की ४५०. मदरबोर्डाने प्रोसेसरला ६६ च्या बसचा समजू नये म्हणून त्याच्या बी२१ या संपर्कपट्टीवर चिकटपट्टीचा एक तुकडा लावला तरी काम भागे. आणि तैवानच्या अबिट कंपनीचा बीएच६ हा मदरबोर्ड घेतला तर तेवढेही करावे लागत नसे, कारण बसचा वेग व प्रोसेसरचा विद्युद्दाब हे दोन्ही बायोसच्या पडद्यावरूनच निवडता येत. सुटे भाग पारखून यंत्र जुळवून घेण्याचा प्रघात ज्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर त्या दशकात रुळला होता, तेथील गिऱ्हाइकाला या हिशेबाचे मर्म समजावून सांगण्याची गरज नव्हती. इंटेलनेच आपल्या महाग मालाला आपल्याच स्वस्त मालाकरवी शह दिला, असा हा दुर्मिळ प्रसंग होता.

परंतु वेग मिळवणे आणि तो टिकवणे यांत मोठे अंतर आहे, आणि या विद्येतील खरी तपश्चर्या दुसऱ्या भागातच आहे. प्रथम बसचेच पाहू. मदरबोर्डावरील पीसीआय या मार्गाचा वेग ३३ मेगाहर्ट्झ ठरलेला होता, व तो बसला भागून मिळे, ६६ ला दोनाने आणि १०० ला तिनाने. मधल्या ८३ च्या पायरीवर दोनाचाच भागाकार लागू राहिल्याने पीसीआय ४१.५ वर जाई, आणि मग हार्ड डिस्कवरील मजकूर नकळत नासू लागे. तात्पर्य, १०० हा धाडसी दिसणारा आकडा ८३ या भिडस्त आकड्यापेक्षा अधिक सुरक्षित ठरत असे. दुसरी गोष्ट विद्युद्दाबाची. प्रत्येक स्पंदनाच्या अवकाशात ट्रान्झिस्टरांच्या साखळीतून संकेत शेवटपर्यंत पोचून स्थिर व्हावा लागतो. पुढचे स्पंदन त्याआधी आले तर उत्तर चुकते. विद्युद्दाब वाढवला की ट्रान्झिस्टर चपळ होतात, पण उष्णता वेगाच्या प्रमाणात आणि विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, २.० व्होल्टवरचा सेलेरॉन २.२ व्होल्ट देऊन ३०० वरून ४५० वर नेला तर त्याची उष्णता सुमारे ऐंशी टक्क्यांनी चढते, आणि तापलेले सिलिकॉन पुन्हा मंद होते. या दुष्टचक्रातून सुटण्यासाठी मोठा हीटसिंक, थर्मल पेस्टचा पातळ थर, कपाटातून गरम हवा ओढून नेणारा पंखा, आणि विद्युद्दाबाची शक्य तितकी लहान पायरी, एवढीच साधने आहेत. ज्यांनी विद्युद्दाबाच्या बाबतीत हात सैल सोडला त्यांना पेंटियम ४ च्या नॉर्थवुड पिढीने चांगलाच धडा दिला, १.७ व्होल्टच्या वर चढवलेले त्यातील कित्येक प्रोसेसर काही काळ उत्तम चालून मग अकस्मात कायमचे निकामी झाले.

यंत्र बंद पडते ते बरे. न थांबता चुकीचे उत्तर देणारे यंत्र खरे घातकी. ही चूक पकडण्याचे सर्वांत विश्वसनीय साधन मिळाले ते शुद्ध गणिताच्या प्रांतातून. दोनाच्या घातातून एक वजा केला असता मिळणाऱ्या, मेर्सेन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अविभाज्य संख्या हुडकण्यासाठी जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली एक सामुदायिक शोध सुरू केला, आणि त्यासाठी लिहिलेल्या प्राइम९५ या प्रोग्रॅममध्ये, सहभागी यंत्र भरवशाचे आहे की नाही याची खातरजमा करून घेण्यासाठी, एक छळचाचणी ठेवली. ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी प्रचंड गणिते ती अखंड करीत राहते आणि एका अंकाचाही फरक पडला की थांबते. लहान आकाराची गणिते प्रोसेसरला तापवतात, मोठी मेमरीचा कस पाहतात. रात्रभर, आणि सोवळे पाळणाऱ्यांच्या मते पूर्ण चोवीस तास, ही चाचणी निर्दोष पार पडली तरच वेग स्थिर मानावा, असा दंडक रूढ झाला. त्याला आपल्या हवामानाची एक पुरवणी जोडणे मला आवश्यक वाटते: खोली जितक्या अंशांनी तापते, साधारण तितक्याच अंशांनी प्रोसेसरही चढतो, तेव्हा पौषात मिळवलेले प्रमाणपत्र विदर्भातल्या वैशाखात ग्राह्य धरू नये.

पुन्हा कुलपांकडे वळू. इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी हिच्या २००० सालच्या थंडरबर्ड व ड्युरॉन प्रोसेसरांची हकीकत मोठी गमतीची आहे. त्यांच्या गुणकाचे कुलूप म्हणजे पृष्ठभागावरील धातूच्या तुटलेल्या सूक्ष्म पुलांची एक ओळ होती, आणि शाळकरी शिसपेन्सिलीतील ग्रॅफाइट विद्युद्वाहक असल्याने पेन्सिलीच्या चार रेघांनी ते पूल जोडले जात व कुलूप उघडे. पुढच्याच वर्षी आलेल्या अॅथलॉन एक्सपीमध्ये त्या पुलांच्या जागी लेसरने खड्डे पाडून ही वाट अवघड करण्यात आली.

नंतरच्या काळातील इंटेलचा क्यू६६०० हा मला या परंपरेचा शेवटचा उदार वारस वाटतो. २६६ च्या बसवर नवाच्या गुणकाने २.४ गिगाहर्ट्झ चालणारा हा चौपदरी प्रोसेसर, विशेषतः २००७ च्या मध्यास आलेली त्याची जी० ही थंड आवृत्ती, केवळ बस ३३३ केल्याने निमूटपणे ३ गिगाहर्ट्झवर जाई. २०११ च्या सँडी ब्रिज पिढीत मात्र बसचा तो धागाही तुटला. मूळ स्पंदन १०० मेगाहर्ट्झवर असे जखडले गेले की ते थोडेसे हलवले तरी यूएसबी व साटा या जोडण्यांसकट सगळा कारभार डळमळे. खुला गुणक हवा तर नावाअंती के हे अक्षर असलेला प्रोसेसर घ्यावा, उदाहरणार्थ २९४ ऐवजी ३१७ डॉलर मोजावे, आणि मदरबोर्डही परवानगी असलेल्या चिपसेटचाच निवडावा. पुढच्या वर्षी तर वाढीव वेगाने प्रोसेसर जळल्यास एकदा बदलून देण्याची हमीही इंटेलने वेगळे पैसे आकारून विकायला काढली. पूर्वी ज्याला अतिक्रमण म्हणत त्याची आता रीतसर सनद मिळू लागली. याहून चतुराईचा डाव टर्बो बूस्टचा होता: २००८ पासून प्रोसेसर स्वतःच आपले तापमान व वीज मोजून, मुभा असेल तेवढा वेग क्षणोक्षणी वाढवू लागला, आणि मालकाचा हात पोचण्यापूर्वीच बरीचशी शिल्लक कारखानदाराच्या खाती जमा होऊ लागली. सँडी ब्रिजच्याच वर्षी विक्रमवीरांनी एएमडीचा एफएक्स प्रोसेसर द्रवरूप हेलियमने गोठवून ८.४२९ गिगाहर्ट्झपर्यंत नेला. पण ज्या वेगावर यंत्र रोजचे काम करीत नाही, त्याला मी तमाशाच समजतो.

कसोटीचे ते जुने साधन मात्र अजून कामावर आहे. इंटेलचे स्कायलेक प्रोसेसर २०१५ साली बाजारात आले, आणि थोड्याच महिन्यांत प्राइम९५ चालवणाऱ्यांना १,४९,४२,२०९ या घाताचे गणित करताना यंत्र गोठत असल्याचे आढळले. वेग वाढवला म्हणून हे घडले असेल अशी शंका प्रथम येणे स्वाभाविक होते; परंतु वेग वाढवलेलाच नव्हता, छापील अंकावरच ते घडत होते. जानेवारी २०१६ मध्ये इंटेलने दोष आपला असल्याचे मान्य केले, व त्याची दुरुस्ती मदरबोर्ड बनवणाऱ्यांमार्फत बायोसच्या नव्या आवृत्तीतून पाठवण्यात आली.