स्वतंत्र झाली तर तग धरतील अशी अमेरिकी राज्ये कोणती?

अमेरिकेतील काही राज्ये लोकसंख्येने व उत्पन्नाने अनेक सार्वभौम राष्ट्रांहून मोठी आहेत. ती स्वतंत्र झाली तर तग धरतील काय, हा प्रश्न तेथे अधूनमधून चर्चेत येतो. कायद्याने त्याचा निकाल १८६९ मध्येच लागला आहे. ‘टेक्सास विरुद्ध व्हाइट’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कोणत्याही राज्याला एकतर्फी फुटून निघण्याचा अधिकार नाही, असा निर्वाळा दिला. उरतो तो स्वावलंबनाचा प्रश्न.

कॅलिफोर्निया : २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ३ कोटी ९५ लाख. २०२४ मधील स्थूल उत्पादन ४ लाख कोटी डॉलरहून अधिक. म्हणजे मोजक्या देशांखालोखाल. सेंट्रल व्हॅलीतील शेती, सिलिकॉन व्हॅली आणि लॉस एंजेलिस व लाँग बीच ही बंदरे या राज्याचे बळ होय. उणीव पाण्याची. दक्षिण भागाची तहान बऱ्याच अंशी कोलोरॅडो नदी भागवते, आणि तिचा उगम रॉकी पर्वतात, परराज्यात आहे. तिच्या पाण्याचे वाटप सात राज्यांमधील १९२२ च्या कराराने ठरले. याच नदीच्या मुखाशी असलेल्या मेक्सिकोला आपला वाटा १९४४ च्या तहाने मिळाला. तरीही नदी आज क्वचितच समुद्राला मिळते. फुटून निघालेल्या कॅलिफोर्नियालाही असाच तह करावा लागेल.

टेक्सास : खनिज तेल व नैसर्गिक वायूच्या उत्पादनात देशात पहिले, पवनऊर्जेतही आघाडीवर. राज्याच्या बहुतांश भागाची वीजवाहिनी आजही शेजाऱ्यांपासून जवळजवळ अलग आहे. फेब्रुवारी २०२१ च्या कडाक्याच्या थंडीत वायुपुरवठा व वीजकेंद्रे गोठली, तेव्हा बाहेरून पुरेशी वीज घेता आली नाही. लाखो घरे अंधारात गेली, दोनशेहून अधिक माणसे दगावली. स्वातंत्र्याची ती जणू रंगीत तालीमच होती.

वॉशिंग्टन व ओरेगन : पाणी, वीज, धान्य, बंदरे आणि बोइंग, मायक्रोसॉफ्टसारखे उद्योग यांमुळे हा वायव्य प्रदेश सर्वांत समतोल ठरतो. मात्र कोलंबिया नदी कॅनडात उगम पावते आणि तिच्यावरील ग्रँड कूली धरण संघराज्याच्या मालकीचे आहे.

हवाई बेटे : यांचा नैतिक दावा सर्वांत बळकट. येथे स्वतंत्र राजसत्ता होती. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत करण्यात आले आणि १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत विलीन झाली. शंभर वर्षांनी, १९९३ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने त्याबद्दल क्षमा मागितली. परंतु बहुतेक अन्न जहाजांनी येते आणि अर्थव्यवस्था पर्यटन व लष्करी तळांवर उभी आहे.

याखेरीज चलन, संरक्षण, वृद्धांचे निवृत्तिवेतन आणि राष्ट्रीय कर्जातील वाटा हे प्रश्न सर्वांनाच सोडवावे लागतील. हा हिशेब टेक्सासने एकदा प्रत्यक्ष अनुभवला आहे. १८३६ ते १८४५ या काळात ते स्वतंत्र प्रजासत्ताक होते. संघराज्यात आले ते कर्जाचा बोजा घेऊनच. तो फेडण्यासाठी १८५० मध्ये त्याने वॉशिंग्टनकडून १ कोटी डॉलर स्वीकारले आणि मोबदल्यात पश्चिमेकडील विस्तीर्ण प्रदेशावरील आपला हक्क सोडला.