यंत्राची बुद्धी कोणाची?

मद्रासच्या ताल बुद्धिबळ मंडळात विश्वनाथन आनंद बालपणी खेळत, तेव्हा प्रतिस्पर्धी पटापलीकडे प्रत्यक्ष दिसे. २०१० च्या मे महिन्यात सोफिया येथे जगज्जेतेपद राखताना चेन्नईच्या या खेळाडूपुढे टोपालोव्ह बसले होते. त्यांच्या तयारीमागे मात्र ११२ कोअरांच्या संगणकावर चालणारा ‘रिब्का’ हा प्रोग्रॅम होता. आनंदही संगणकावाचून तयारी करीत नव्हते, हे खरेच. अकरा डावांअखेर गुण समसमान राहिले. बारावा डाव आनंद यांनी काळ्या मोहऱ्यांनी जिंकला.

रिब्काचा पराभव निराळ्याच पटावर व्हायचा होता. वासिक रायलिच यांच्या या प्रोग्रॅमने २००७ पासून सलग चार वर्षे संगणकांची जागतिक स्पर्धा जिंकली होती. ‘फ्रूट’ हा फाबियाँ लतूझे यांचा प्रोग्रॅम २००५ साली सर्वांस खुला होता; त्यातील मजकूर रिब्कात श्रेय न देता उतरला आहे, अशी तक्रार इतर प्रोग्रॅमकारांनी केली. कल्पना घेणे वेगळे, लेखन उचलणे वेगळे. पण ही सीमा येथे वाङ्मयचौर्याहूनही अवघड, कारण विक्रीस येते ते यंत्राला कळणारे रूपांतर. मूळ लेखन कर्त्यापाशीच राहते.

२०११ च्या जूनमध्ये संगणकक्रीडा संघटनेने चारही विजेतेपदे काढून घेतली आणि रायलिच यांच्यावर आजन्म बंदी घातली. त्यांनी आरोप नाकारला. अशा बंदीला नियमांत स्पष्ट आधार नव्हता, म्हणून २०१५ साली जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नीतिसमितीने खुद्द संघटनेलाच समज दिली. विजेतेपदे मात्र परत मिळाली नाहीत.