चुंबकी मणी

* चुंबकी मणी : हे लोखंडाचे गोळे नव्हेत. पॉलिस्टायरीनसारख्या पॉलिमरच्या, काही मायक्रोमीटर व्यासाच्या या गोलकांच्या पोटात लोह ऑक्साइडचे नॅनोकण असतात. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथे रसायनतज्ज्ञ जॉन उगेलस्टाड यांनी १९७०च्या दशकात अगदी एकसारख्या आकाराचे गोलक बनवण्याची रीत शोधली. चुंबकी मणी हा तिचाच पुढचा टप्पा. आधी सच्छिद्र गोलक तयार करतात. लोहक्षारांचे द्रावण छिद्रांत मुरले, की तिथल्या तिथे ऑक्साइडचा साका बसवतात आणि शेवटी पॉलिमरचा थर देऊन छिद्रे बुजवतात, म्हणजे लोह बाहेर झिरपत नाही. ऑक्साइडचे कण मुद्दाम काही नॅनोमीटर इतके बारीक ठेवतात. तेवढ्या कणांत चुंबकत्व टिकून राहत नाही. त्यामुळे चुंबक लावला की मणी नळीच्या कडेला गोळा होतात आणि काढला की द्रवात पुन्हा मोकळे पसरतात. कण मोठे असते, तर मण्यांच्या गुठळ्या झाल्या असत्या. पृष्ठभागावर प्रतिपिंडे बसवली, की मणी नेमक्या हव्या त्या पेशी धरतात. १९८०च्या दशकात अस्थिमज्जेतून न्यूरोब्लास्टोमाच्या कर्कपेशी याच रीतीने वेगळ्या काढण्यात आल्या. — संपा.