०२१४८

गेल्या रविवारी कर्जतला उतरलो. बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानावर जुनी पाटी दिसली. खाली 'फोन' असं लिहून फक्त पाच आकडे. आधी वाटलं रंग उडालाय. मग ट्यूब पेटली: रंग उडालेला नाही, नंबरच पाच आकडी आहे!

आपल्या देशात एसटीडी सुरू झालं १९६० साली, कानपूर आणि लखनौ यांच्यात. त्याआधी परगावी बोलायचं म्हणजे ट्रंक कॉल बुक करायचा आणि ऑपरेटर जोडून देईपर्यंत ताटकळायचं. ऑपरेटरचं हे काम आकड्यांवर सोपवायचं, तर प्रत्येक भागाला कोड हवा. हे भाग साधारण तालुक्यागणिक पाडले. कर्जत ०२१४८, नेरळ आणि माथेरान त्यातच. शेजारचा खालापूर तालुका, म्हणजे खोपोलीसुद्धा, ०२१९२. कर्जतहून खोपोलीला लोकलने अर्धा तासही लागत नाही, पण कोड बदलतो.

गंमत म्हणजे मुंबईची लोकल कर्जतला येते, मुंबईचा ०२२ येत नाही. रायगडातल्याच पनवेलला मात्र तो मिळाला. बदलापूरला कल्याणचा ०२५१ आणि नेरळला आलं की ०२१४८. म्हणजे रेल्वेच्या लेखी कर्जत मुंबईचं, पण टेलिफोनच्या लेखी ते अलिबाग (०२१४१), लोणावळा (०२११४) आणि सातारा (०२१६२) यांचं भावंड. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतशी गल्लत नको, त्याचा कोड ०२४८९!

आता थोडं गणित. सुरुवातीचं शून्य सोडलं तर कोड आणि नंबर मिळून दहा आकडे. मुंबईचा कोड दोन आकडी, म्हणून नंबर आठ आकडी. कर्जतचा कोड चार आकडी, म्हणून नंबर सहाच आकडी. गाव जितकं लहान, तितका कोड लांब आणि नंबर आखूड. मग पाटीवर पाचच कसे? कारण २००० च्या दशकाच्या सुरुवातीला बीएसएनएलने सगळ्या नंबरांच्या आधी २ जोडला. ती पाटी त्याआधीची. आणि त्यावर कोड नाही, कारण दुकानदाराच्या डोळ्यांसमोर तालुक्यातलंच गिऱ्हाईक होतं. मुंबईचं गिऱ्हाईक हवं असणारे हॉटेलवाले कोड आवर्जून लिहायचे.

या कोडची किंमतही मोजावी लागे. अंतर वाढलं की दर वाढायचा. रात्री उशिरा दर पावपट व्हायचा, म्हणून लोक जेवणं उरकून पिवळ्या पाटीच्या पीसीओसमोर रांग लावायचे. मीटर पळायला लागला की 'बाकी सगळं ठीक' म्हणून फोन ठेवायचा. १ मार्च २००६ ला बीएसएनएलने देशभर मिनिटाला एक रुपया दराची योजना आणली आणि अंतराचा धाक जवळजवळ संपला. मोबाइल तर हातात आलेच होते. ते उत्तमच झालं, त्या मीटरसाठी मी तरी गळा काढणार नाही.

पण एक गोष्ट हातची गेली. गेल्या पावसाळ्यात आम्ही सहा जणांनी कर्जतजवळ फार्महाऊस बुक केलं. फोटो झकास, नंबर मोबाइलचा, अॅडव्हान्स ऑनलाइन. पोचलो तर त्या जागी भाताचं शेत! नंबर बंद. तो माणूस कर्जतचा होता की आणखी कुठला, हे त्या दहा आकड्यांवरून कळायला मार्गच नव्हता. ०२१४८ चा नंबर असता, तर निदान एक तार तालुक्यातल्या कुठल्यातरी खऱ्या भिंतीपर्यंत गेलेली असती. कोड म्हणजे प्रामाणिकपणाची हमी नव्हे, पण पत्ता होता. फसवणाऱ्यालाही राहावं लागायचं तिथंच.

असो. परवा त्या हार्डवेअरवाल्या काकांना विचारलं, "हा नंबर लागतो का हो अजून?" म्हणाले, "लाइन कधीच काढली. पण पाटी राहू दे. दुकान जुनं आहे हे लोकांना कळतं."