मोटारीचे बाजूचे आरसे व पावसाळी दृश्यता

पाऊस, तुषार किंवा दमट हवा असताना मोटारीच्या बाजूच्या आरशांतून चालकाला मागील रस्ता किती स्पष्ट दिसतो, यास आरशांची पावसाळी दृश्यता म्हणता येते. पुढील काचेवरील पाणी दूर करण्यासाठी वायपर असतो. बाजूच्या काचा व आरसे यांना बहुतेक मोटारींत तशी सोय नसते. त्यामुळे समोरचा रस्ता नीट दिसत असतानाही मागून किंवा बाजूने येणारे वाहन, विशेषतः दुचाकी, नजरेतून सुटण्याचा धोका संभवतो.

चालकाची दृष्टी आरशापर्यंत पोहोचताना तीन पृष्ठभागांशी संबंध येतो : खिडकीच्या काचेची आतील बाजू, तिची बाहेरील बाजू आणि प्रत्यक्ष आरसा. यांपैकी कोणत्या पृष्ठभागावर पाणी आहे आणि ते थेंब, पातळ थर की बाष्प या रूपात आहे, यावर उपाय अवलंबून असतो. आरसा पुसूनही प्रतिमा अस्पष्ट राहिल्यास दोष बहुधा खिडकीच्या काचेवर असतो.

इतिहास

वायपर आणि मागील दृश्य दाखवणारा आरसा या दोन्ही कल्पना विसाव्या शतकाच्या प्रारंभी पुढे आल्या. अमेरिकेतील मेरी अँडरसन यांना १९०३ साली वायपरचे एकस्व (पेटंट) मिळाले. ब्रिटिश मोटारचालक डोरोथी लेव्हिट यांनी १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द वुमन अँड द कार’ या पुस्तकात मागील वाहतूक पाहण्यासाठी हातात धरण्याचा छोटा आरसा जवळ ठेवावा, असे सुचवले होते. १९११ साली झालेल्या पहिल्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीचे विजेते रे हॅरून यांच्या मोटारीवर आरसा बसवलेला होता.

पुढे पुढील काचेसाठी वायपर सार्वत्रिक झाला. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत पुढील काचेच्या वायपरची स्वतंत्र तरतूद आहे. आरशांसाठी वायपर मात्र रूढ झाला नाही. १९८० च्या दशकात जपानमधील काही मोटारींच्या आरशांवर छोटे वायपर बसवण्यात आले होते. तथापि ते अपवादात्मकच राहिले.

दृश्यता कमी होण्याची कारणे

थेंब : पृष्ठताणामुळे पाणी काचेवर गोलसर थेंबांच्या रूपात साचते. प्रत्येक थेंब लहानशा भिंगाप्रमाणे प्रकाशाचे वक्रीभवन करतो व प्रतिमा विस्कटते. रात्री मागील वाहनाच्या दिव्यांचा प्रकाश अशा असंख्य थेंबांतून विखुरतो. मग आरशात केवळ चकाकी दिसते. दिवा एक की दोन आणि किती अंतरावर, हे कळत नाही. बाहेरील आरसा बहिर्गोल असल्यास प्रतिमा मुळातच लहान असते, त्यामुळे एखादा थेंबही दुचाकी झाकण्यास पुरेसा ठरतो.

हवेचा प्रवाह : धावत्या मोटारीत आरशाच्या कवचामागे हवेचे भोवरे निर्माण होतात. चाकांनी उडवलेले तुषार व चिखलाचे कण त्यांत ओढले जाऊन आरशावर बसतात. तसेच वायपरने बाजूला लोटलेले पाणी पुढील खांबावरून खिडकीच्या काचेवर ओघळते. हे टाळण्यासाठी अनेक मोटारींच्या खांबालगत पन्हळीसारखी खाच ठेवलेली असते. तीत पाने किंवा माती अडकल्यास पाणी थेट काचेवर येते.

बाष्प : प्रवाशांचा श्वास व ओले कपडे यांमुळे आतील हवा दमट होते आणि काचेचे तापमान दवबिंदूच्या खाली असल्यास आतून धुके धरते. याउलट वातानुकूलन यंत्राचा थंड झोत सतत खिडकीवर पडत असल्यास काच गार होऊन पावसाळ्यातील दमट हवेमुळे बाहेरून धुके धरते. आतून बोट फिरवल्यावर रेघ उमटली तर धुके आत आहे, अन्यथा बाहेर, असे ओळखता येते.

उपाय

आतील धुक्यासाठी वातानुकूलन चालू करून बाहेरची हवा आत घ्यावी लागते; यंत्र हवेतील ओलावा कमी करते. बाहेरील धुक्यासाठी तापमान थोडे वाढवणे व झोत काचेपासून वळवणे उपयोगी पडते. काही मोटारींच्या आरशांमागे तापक असतो. तो बहुधा मागील काचेच्या तापकाच्याच बटणावर चालतो. बारीक थेंब व बाष्प तो दूर करतो. मुसळधार पावसात त्याचा प्रभाव मर्यादित असतो.

काचेवर द्यावयाचे लेप दोन प्रकारचे असतात. जलविरोधी लेपावर पाण्याचा स्पर्शकोन ९० अंशांहून अधिक असतो. थेंब उभारून येतात व वाऱ्याने घरंगळून जातात. जलस्नेही लेपावर स्पर्शकोन अत्यल्प असतो. थेंब न बनता पाण्याचा सपाट पातळ थर पसरतो आणि त्यातून प्रतिमा बरीच स्पष्ट दिसते. खिडकीच्या काचेवरून हवा वेगाने वाहते, म्हणून तेथे जलविरोधी लेप उपयुक्त ठरतो. आरसा मात्र कवचाच्या आडोशाला असल्याने तेथील बारीक थेंब हलत नाहीत, म्हणून आरशासाठी जलस्नेही लेप किंवा पटल अधिक योग्य मानले जाते. घाटातील संथ चढणीवर किंवा शहरातील वाहतूक कोंडीत वेग कमी असतो. तेव्हा जलविरोधी लेपाचा लाभ खिडकीवरही घटतो.

टायटॅनियम डायऑक्साइडच्या पृष्ठभागावर अतिनील किरण पडल्यास तो अत्यंत जलस्नेही बनतो, हे जपानी संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केले. या गुणधर्माचा उपयोग मोटारींच्या आरशांसाठीही करण्यात आला.

ट्रक व बसचालकांमध्ये काचेवर तंबाखू, कापलेला बटाटा किंवा साबण चोळण्याची जुनी पद्धत आढळते. त्यांचा पातळ थर काही काळ पाणी पसरवतो. मात्र तो पावसाने लवकर धुऊन जातो. तेल किंवा रॉकेल लावल्यास तेलकट थर राहून रात्रीची चकाकी वाढते. कोणत्याही लेपापूर्वी काच स्वच्छ व कोरडी असणे आवश्यक असते. काही आरशांचा परावर्तक थर काचेच्या पुढील बाजूस असल्याने खरखरीत फडके किंवा घासणी वापरल्यास कायमचे ओरखडे पडतात.

कॅमेरे व मर्यादा

२०१८ साली जपानमध्ये लेक्सस ईएस या मोटारीत बाहेरील आरशांऐवजी कॅमेरे व आतील पडदे देण्यात आले. यात खिडकीच्या ओल्या काचेचा अडथळा उरत नाही. तथापि कॅमेऱ्याच्या भिंगावरही पाणी व चिखल बसू शकतो.

सुरक्षितता

भारतात चालक उजवीकडे बसतो. डावा आरसा त्याच्यापासून दूर व प्रवाशाच्या खिडकीपलीकडे असतो. त्यामुळे तो आधी निरुपयोगी होण्याची शक्यता अधिक असते आणि डावीकडून पुढे जाणारी दुचाकी दिसत नाही. चालत्या मोटारीत हात बाहेर काढून आरसा पुसणे धोकादायक असते. त्यासाठी सुरक्षित जागी थांबणे आवश्यक ठरते. आरसे अस्पष्ट असताना मार्गिका बदलण्यापूर्वी दिशादर्शक दिवा वेळेआधी लावणे, वेग कमी करणे व मान वळवून बाजूला पाहणे हे उपाय कोणत्याही लेपाइतकेच महत्त्वाचे आहेत.

हे सुद्धा पहा

वायपर
पृष्ठताण
दवबिंदू
बहिर्गोल आरसा